हवामान बदल आणि सोलापूरची माणसे: एका भूगोल कार्यशाळेचे परीक्षण

हवामान बदल आणि त्याचे मानवी जीवनावर होणारे परिणाम या विषयावर सोलापुरातील काही भूगोल शिक्षक व निवृत्त प्राध्यापक मिळून एक कार्यशाळा घेतात. मार्च महिन्यातील तीन रविवारी झालेल्या त्यांच्या कार्यशाळेत मी सहभागी झाले होते. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे या विषयावरची व्याख्याने, प्रशिक्षणे आणि चित्रफिती मला नवीन नाहीत. त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात वितळणाऱ्या हिमनद्यांनी होते आणि शेवट झाडे लावण्याच्या शपथेने होतो. या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातले उजनी धरण समोर आले, आणि तिची शिफारस करावीशी वाटण्याचे पहिले कारण हेच आहे. तिच्यात उणिवाही आहेत, काही गंभीर आहेत, आणि त्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिल्या दिवशी फळ्यावर तीन रकाने आखले गेले. सोलापूर जिल्ह्यातील माणसांचे जे हाल होतात त्यांतले मुळातच इथल्या भूगोलामुळे कोणते, माणसाने स्वतः ओढवून घेतलेले कोणते आणि तापमानवाढीने त्यांत भर घातली ती कोणती, अशी विभागणी आम्हाला करायची होती. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सोलापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, वर्षाची सरासरी साधारण ५४५ मिलिमीटर आहे आणि तीसुद्धा लहरी आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ आणि त्या काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेल्या पिढीच्या आठवणी या जिल्ह्याच्या इतिहासाचाच भाग आहेत. त्यामुळे ‘दुष्काळ म्हणजे हवामान बदल’ असे सरसकट म्हणणाऱ्या आमच्यापैकी अनेकांना पहिल्याच तासाला आपले म्हणणे बदलावे लागले. दुसऱ्या रकान्यात ऊस लिहिला गेला तेव्हा सभागृहात चांगलाच वाद झाला. सहभागींपैकी बरेच जण ऊस उत्पादकांच्या घरांतले होते, आणि साखर कारखाना नसता तर आमची शिक्षणे झाली नसती, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मार्गदर्शकांनी ते ऐकून घेतले, खोडून काढले नाही. पण वर्ष-दीड वर्ष शेतात उभ्या राहणाऱ्या या पिकाला लागणारे पाणी आणि जिल्ह्यात पडणारा पाऊस हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले आणि ते तीनही दिवस पुसू दिले नाहीत.

यानंतरचे उजनीचे सत्र संपूर्ण कार्यशाळेतले सर्वांत सरस होते. भीमा खोऱ्याचे स्थलनिर्देशक नकाशे जमिनीवर जोडून पसरले होते आणि नद्यांच्या रेषांवरून निळा दोरा ठेवत आम्हाला उगमापर्यंत जायचे होते. भीमाशंकरपासून निघालेली भीमा, तिला मिळणाऱ्या इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या आणि त्यांवरची पुणे जिल्ह्यातील धरणे असे करत दोरा सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचला, तेव्हा सोलापूरकर ज्या पाण्यावर जगतो ते बहुतांशी त्याच्या अंगणात पडतच नाही, हे नकाशावर हात ठेवून कळले. आपल्याकडे पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की आधी दौंडचा विसर्ग, म्हणजे दौंडवरून उजनीकडे किती पाणी येत आहे, हे पाहण्याची सवय असते, ती का लागली हेही त्या दोऱ्याने उलगडून दाखवले. माढा तालुक्यातील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठवणक्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव साठ्यात मोडते. धरणाची टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्यावर मोजतात, पाणी त्याखाली गेले की ती उणे होते. इतका मोठा मृतसाठा असल्यामुळेच ‘धरण मायनसमध्ये गेले’ हे वाक्य इथल्या बहुतेक उन्हाळ्यांत कानावर येते. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती पूर्ण भरली. अवघ्या दोन महिन्यांत टंचाईची बैठक आणि पूरनियंत्रणाची बैठक एकाच कार्यालयात व्हावी, ही परिस्थिती आपण सवयीने स्वीकारली आहे. त्या सत्रात ती प्रथमच एक भौगोलिक प्रश्न म्हणून आमच्यापुढे मांडली गेली.

याच नकाशावर पुढे सीना नदी दाखवली गेली. सीना सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून येत नाही, ती अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, अवर्षणप्रवण पट्ट्यातूनच वाहते आणि हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. आयुष्यभर कोरडे पात्र पाहिलेल्या माणसांच्या घरात याच नदीचे पाणी सप्टेंबर २०२५ मध्ये शिरले. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील गावे वेढली गेली आणि महामार्ग बंद करावे लागले. भीमेकाठच्या माणसाला पुराचा इशारा दौंडवरून मिळतो, सीनाकाठच्या माणसाला अशी सवयीची खूण नव्हती, आणि सीना-कोळेगावसारख्या प्रकल्पांतून किती पाणी सुटले म्हणजे आपल्या गावात किती येते याचा अंदाज पिढ्यानपिढ्या कोणाला बांधावाच लागला नव्हता. हवामान बदलामुळे माणसावर होणारा परिणाम फक्त पावसाच्या मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही, अनुभवाचा आधार निकामी होणे हाही परिणामच आहे, असे मार्गदर्शकांनी या ठिकाणी सांगितले, आणि मला वाटते कार्यशाळेतला हा सर्वांत मोलाचा मुद्दा होता. एका पुरावरून हवामान बदल सिद्ध होत नाही, हे बजावण्यासही ते विसरले नाहीत.

ते सिद्ध कशाने होते, हे दुसऱ्या दिवशीच्या आलेखाच्या सत्रात आले. आम्हाला आलेखपत्रे, पेन्सिली आणि दैनंदिन पावसाचे तक्ते दिले गेले. दिवसभरात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो हवामान खात्याच्या लेखी पावसाचा दिवस धरला जातो, या निकषाने प्रत्येक वर्षाचे पावसाचे दिवस मोजायचे आणि एकूण पावसाशेजारी मांडायचे होते. हाताने काढलेला आलेख संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखापेक्षा किती तरी अधिक शिकवतो, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, आणि इथे त्याचा पुरेपूर प्रत्यय आला. एकूण पाऊस जवळपास सारखा असलेली दोन वर्षे शेजारी आली, पण एका वर्षी पाऊस मोसमभर विखुरलेला होता आणि दुसऱ्या वर्षी मधल्या दीर्घ खंडानंतर थोड्याच दिवसांत कोसळलेला होता. सरासरी सारखीच, पण पहिल्या वर्षी विहिरी भरतात आणि दुसऱ्या वर्षी बांध फुटतात.

याच्या जोडीला व्यापक विज्ञान नेमकेपणाने सांगितले गेले. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते, आणि भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्याचे आढळले होते. ही सर्व माहिती आलेख काढून झाल्यावर दिली गेली, आधी नाही. हा क्रम मला फार आवडला, कारण प्रश्न डोक्यात तयार झाल्यावर आलेला आकडा लक्षात राहतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उष्णतेची फेरी होती. पाच-पाच जणांच्या गटांना साधे तापमापक आणि पारा असलेल्या टोकाला ओले कापड गुंडाळलेला दुसरा तापमापक देण्यात आला. महाविद्यालयाच्या आवारातील कडुलिंबाची सावली, डांबरी रस्ता, पूर्व भागातील एक यंत्रमाग कारखाना आणि कुंभारीच्या बाजूचे एका विडी कामगार महिलेचे पत्र्याचे घर, अशी मोजणीची ठिकाणे ठरलेली होती. त्या घरात आमच्या गटाने दोन्ही तापमापक टांगले तेव्हा आतला पारा बाहेरच्या सावलीतल्या पाऱ्यापेक्षा वर गेला. घराला पंखा होता, पण तो बंद होता. आमच्यातील एकाने विचारले, “अक्का, लाईट गेली आहे का?” त्यावर त्या म्हणाल्या, “लाईट आहे की सर. पंखा लावला तर तंबाखू उडतो, पान वाळतं. वाळलेलं पान वळताना फुटतं.” भिजवलेली तेंदूची पाने ओल्या फडक्यात झाकून ठेवलेली, मांडीवर सूप, हातात कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा, मजुरी हजार विड्यांवर ठरलेली. कडक उन्हाच्या दिवसांत हजार पूर्ण होत नाहीत, एवढेच त्यांनी पुढे सांगितले.

या एका भेटीने उष्णतेविषयीच्या आपल्या सार्वजनिक सूचनांचा अपुरेपणा जितका स्पष्ट केला, तितका एखाद्या जाडजूड अहवालाने केला नसता. दुपारी घराबाहेर पडू नका, ही सूचना ज्याचे घर थंड आहे त्याच्यासाठी आहे. जिचे घर हाच कारखाना आहे आणि छप्पर पत्र्याचे आहे, तिने कोठे जावे? यंत्रमाग कारखान्यातही वेगळ्या कारणाने हीच अडचण दिसली. सुती सूत कोरड्या हवेत तुटते म्हणून शेडमध्ये दमटपणा राखावा लागतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. शरीर थंड होण्याची नैसर्गिक वाटच बंद होते. ओल्या कापडाच्या तापमापकाचा उपयोग इथे कळला. कोरड्या तापमापकावरचा आकडा रस्त्यावरच्या आकड्याहून कमी असूनही ओल्या तापमापकाने कारखान्यातील हवा शरीराला अधिक घातक असल्याचे दाखवले. सोलापुरी चादर आणि टॉवेल घरोघरी वापरणाऱ्या आपल्या सर्वांना हे ठाऊक असायला हवे.

फेरीवरून परतल्यावर उष्णतेच्या लाटेच्या शासकीय निकषांवर चर्चा झाली, आणि तीही डोळे उघडणारी होती. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, किंवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. सोलापुरात मे महिन्याची कमाल सरासरीच चाळिशीच्या आसपास असते, त्यामुळे ४३ अंशांचा दिवस इथे लाटेच्या व्याख्येत सहसा बसतच नाही. लाट जाहीर झाली नाही म्हणून कामाच्या वेळा बदलत नाहीत आणि रुग्णालयांना पूर्वसूचना जात नाही, पण माणसाच्या शरीराला ते ४३ अंशच असतात. अहमदाबाद शहराने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला, तो करताना शहरातल्या मृत्यूंची आकडेवारी पाहून आपले स्थानिक उंबरठे ठरवले, हे उदाहरण या संदर्भात सांगितले गेले. ज्यांच्या हाती सोलापूर शहराचे नियोजन आहे त्या अधिकाऱ्यांनी आणि नगरसेवकांनी निदान या सत्राला तरी यावे, असे मला मनापासून वाटते.

शेतीचे सत्र तुलनेने लहान होते आणि तिथे सांगोल्याच्या एका डाळिंब उत्पादकाने बोलणे हाच त्यातला जीव होता. आंबे, मृग आणि हस्त यांपैकी कोणता बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरायचा, हा निर्णय पूर्वी पाण्याच्या उपलब्धतेवर होत असे, आता अवेळी पाऊस येऊन तेल्या रोग पसरेल का या भीतीवर होतो, असे त्यांनी सांगितले. रब्बी ज्वारीविषयीची माहितीही नेमकी होती. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी केवळ साठलेल्या ओलाव्यावर येते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस पडतच राहिला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळत नाही, पेरणी रखडते आणि मोहोर-दाणे भरण्याचा काळ उन्हाकडे सरकतो. याहून अधिक वेळ या सत्राला मिळायला हवा होता.

आता उणिवांकडे वळते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून आलेल्या एका पाहुण्या वक्त्यांचे व्याख्यान होते आणि त्याने कार्यशाळेची घडी विस्कटली. पडद्यावर इंग्रजी मजकूर, हिमखंडांवर उभी अस्वले, आणि २०२४ मध्ये पॅरिस कराराची १.५ अंशांची मर्यादा ओलांडली गेली असे ठाम विधान. २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होते हे जागतिक हवामान संघटनेने सांगितले आहे, आणि ते चिंताजनकच आहे. परंतु कराराची मर्यादा एका वर्षाला नव्हे तर दीर्घकालीन सरासरीला लागू होते. ज्या कार्यशाळेने एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका हे आम्हाला दोन दिवस हाताला धरून शिकवले, तिथेच हे विधान दुरुस्त न होता राहावे, हे मला खटकले. समोर बसलेल्या शिक्षकांपैकी प्रत्येक जण ते वाक्य पुढे शेकडो मुलांपर्यंत नेणार आहे.

दुसरी उणीव आशयाची आहे. परिणामांची मांडणी जितकी बारकाईने झाली, तितकी कारणांची झाली नाही. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ १,३२० मेगावॉट क्षमतेचा कोळशावरचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, त्यासाठीचे पाणी उजनीतून येते, आणि शहराची पाइपलाइन, शेतीचा कालवा व वीजनिर्मिती यांचा एकमेकांशी असलेला संबंध हा भूगोलाच्या विद्यार्थ्याला समजावून देण्याजोगा उत्तम विषय आहे. त्याचा साधा उल्लेखही झाला नाही. स्थलांतरालाही अर्धाच तास मिळाला. ऊसतोडीला येणारी कुटुंबे आणि काम शोधत पुण्याकडे जाणारी सोलापूरची तरुण मुले, हे दोन्ही प्रवाह एकाच जिल्ह्यातून दिसतात, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र सत्र असायलाच हवे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विडी कामगार महिलेच्या घरात गटांमागून गट गेले. प्रत्येक गट तापमापक टांगेपर्यंत आणि प्रश्न विचारेपर्यंत त्यांचे हात थांबत होते, आणि ज्यांची मजुरी हजारावर आहे त्यांच्या दृष्टीने थांबलेले हात म्हणजे बुडालेले पैसे. त्या वेळेचा मोबदला देण्याची तरतूद आयोजकांनी केलेली नव्हती. मी हे त्यांच्या कानावर घातले आणि त्यांनी ते खुल्या मनाने ऐकले, तरी लेखी स्वरूपात नोंदवणे मला आवश्यक वाटते. शिवाय पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलली जाते, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. असे असताना दुभाषी म्हणून एकही व्यक्ती सोबत नव्हती. त्या अक्कांनी मराठीत उत्तरे दिली, पण त्यांच्या सासूबाई शेजारी बसून तेलुगूत बराच वेळ काहीतरी सांगत होत्या आणि आमच्यापैकी कोणालाही ते समजले नाही. १९७२ चा उन्हाळा पाहिलेल्या त्या बाई आम्हाला काय सांगत असतील, याची रुखरुख मला आजही आहे.

व्यवस्थेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. चहा-नाश्ता आणि जेवणासह शुल्क माफक आहे, जेवणात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि आमटी होती, पाणी माठातले होते. वेळा पाळल्या गेल्या. सोबत दिलेली पुस्तिका उपयुक्त आहे, पण तिच्यातील पावसाचे तक्ते इतके पुसट छापले आहेत की वर्गात वापरण्यासाठी मला ते पुन्हा लिहून काढावे लागले. माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयातील भूगोल शिक्षकांसाठी ही कार्यशाळा निःसंशय उपयोगाची आहे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना आयत्या टिपणांची अपेक्षा असेल तर त्यांनी येऊ नये, कारण इथे टिपणे मिळत नाहीत, आलेखपत्र मिळते.

पुढील कार्यशाळा मार्चऐवजी मे महिन्यात ठेवावी, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. तेव्हा शाळांना सुट्टी असते, आणि वळवाच्या आधीचा दमटपणा व खरा उन्हाळा दोन्ही मोजता येतात. उष्णतेची फेरी कुंभारीच्या रे नगर वसाहतीतही न्यावी. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची ही योजना आहे, आणि पत्र्याच्या छपराखालून काँक्रीटच्या छपराखाली आलेल्या कुटुंबांच्या घरात दुपारचे आणि मध्यरात्रीचे तापमान किती असते, हे शहरातील भूगोल शिक्षकांनीच मोजून महापालिकेपुढे ठेवायला हवे. त्या मोजणीसाठी घर उघडून देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मोबदला द्यावा आणि त्यासाठी सहभागींचे शुल्क वाढवावे लागले तरी आम्ही ते आनंदाने देऊ.